माप गिऱ्हाइकाच्या हाती

"पुड्या बांधायच्या म्हणजे बांधायच्या, वैनी! रविवारी कलेक्टरसाहेब यायलेत."

"येऊ द्या की. त्यांनाबी मूग लागत असतील तर माप तिथं हाय."

"चेष्टा नको! सगळ्यांना सारखी पुडी, थोडी ज्वारी, थोडी तूरडाळ. बाया रांगेत उभ्या राहतील, फोटो निघंल, विषय खतम."

"आन् ज्या घरात तूर चालत न्हाई?"

"फुकटात कसली आलीय निवड?"

"त्या बायांनाच इचारा. हाव म्हणल्या तर पुड्या मी सोता बांधते."

रत्नम्मा आणि तिचा धाकटा दीर बसवराज सकाळपासून असे जुंपले होते. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीचा रंग अजून ओला होता, विहिरी मात्र केव्हाच वाळल्या होत्या.

रत्नम्मा निलंग्याकडची. नवरा गेल्यावर तिनं सासरच्या धान्याच्या दुकानामागची खोली मागून घेतली, दुष्काळानं गांजलेल्या बायांना फुकट धान्य द्यायला. दुपारी टोपली घेऊन अडत्यांकडे जायची. दान मागतेय की वसुली करतेय, त्यांनाही कळायचं नाही. "सिद्रामप्पा, ही ज्वारी पोरीच्या लग्नात वाढशील का? मग मला कामून देतोस?"

आणलेलं धान्य उघड्या पोत्यांत मांडलेलं. येणाऱ्या बाईनं आपली पिशवी आपल्या मनानं भरायची. दुकानात मापाला दुकानदाराशिवाय कुणाचा हात लागत नाही. इथं माप तिच्याच हातात. ती निवडत असताना रत्नम्मा पाठ करून उगीच खांबावरची धूळ पुसायची.

तेवढ्यात कावेरीबाई आली. मुखेडकडून खडी फोडायच्या कामावर आलेली. तिनं तूरडाळ तळहातावर घेतली, एक दाणा चावला आणि मूठ परत पोत्यात सोडली.

बसवराजच्या अंगातला दुकानदार खवळला. "ए बाई! उदगीरची डाळ हाय ती. काय खोट हाय तिच्यात?"

"डाळीत न्हाई, मालक, पाण्यात हाय. आमच्याकडं बोअरचं खारं पाणी. सरपण जळून राख, आन् डाळ जशीच्या तशी."

"आमची डाळ शिजत न्हाई? भिजवत नसशील!"

"भिजवते की. येता का चूल फुंकायला?"

खांबाआड रत्नम्माचे खांदे हलले.

"मग मूग घे. हे वरचे नको, खालचे ताजे हायत." बसवराजनं कोपरापर्यंत हात घालून पसाभर मूग वर काढले.

"ह्यात खडे हायत."

"कुठंय खडा? दाखव!"

दोन डोकी त्या ओंजळीवर वाकली. ज्याला किंमतच नव्हती, त्या मालावरून दोघं भर बाजारात भांडावं तसे भांडले. खडा निघाला. बसवराजनं तो खाली टाकला आणि दुसरं पोतं उघडलं. "हे बघा बाई, ह्यात सापडला तर नाव सांगणार न्हाई." अगं-तुगं कधी गळून पडलं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

कावेरीबाई खुशीत माप भरू लागली. बसवराजही खुशीत आला.

"रविवारी या बरं. तुम्हाला रांगेत पुढं उभं करतो. तयार पुडी मिळंल, पेपरात फोटोबी येईल."

तिचा हात थांबला. धूळ पुसणंही थांबलं.

कावेरीबाईनं माप पिशवीत रिकामं केलं, गाठ मारली, पदर डोक्यावर नीट घेतला.

"येता ना, बाई?"

ती मागं न बघता पायऱ्या उतरून चालायला लागली.