उसना गोलकीपर

"रणजित, आम्ही उद्या येत नाही. आणि बहुतेक यापुढेही येणार नाही."

फोनवर यूप होता. पिवळ्या जर्सीवाल्या कॉलेजचा कॅप्टन. मी लॅपटॉपवर बुधवारच्या मॅचेसना मैदानं वाटत बसलो होतो.

"पोरं जखमी आहेत का?" मी विचारलं.

"नाही. पोरं कंटाळली आहेत. मागच्या आठवड्यात अकरा-शून्य. त्याच्या आधी आठ-शून्य. माझ्याकडे गोलमध्ये उभा राहतो तो मुळात हॉकी खेळणारा मुलगा आहे. तोही आता म्हणतो, मला अभ्यास आहे."

डच माणूस जे असेल ते सरळ सांगतो. त्याला आपण काय उत्तर द्यायचं हे मला या देशात चार वर्षं काढूनही नीट जमत नाही. मी म्हटलं, ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत थांब, मी काहीतरी करतो. काय करणार होतो, देव जाणे.

माझं काम काय ते आधी सांगतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहराच्या आसपासच्या कॉलेजांची एक फुटबॉल लीग आहे. आठ संघ. ती चालवणाऱ्या छोट्या ऑफिसात मी कॉम्पिटिशन प्लॅनर आहे. म्हणजे कोण कुणाशी, कुठल्या मैदानावर, कधी खेळणार हे ठरवायचं, रेफ्री बोलवायचे, तक्रारी ऐकायच्या. मैदानं खेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची. त्यांची अट एकच: आठ संघ असतील तर बुधवारची संध्याकाळ तुमची. सात झाले की मैदानं दुसऱ्या कुणालातरी जाणार. मैदानं गेली की लीग गेली, आणि लीग गेली की प्लॅनर कशाला हवा? माझं कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाचं होतं आणि उन्हाळ्यात संपणार होतं.

हे काम मला मिळालं हेच मला अजून खरं वाटत नाही. मी कोल्हापूरचा. दहावीनंतर शाळा सुटली, वडिलांच्या लेथवर उभा राहिलो. संध्याकाळी मात्र फुटबॉल. आमच्याकडे पेठापेठांचे, तालमीतालमींचे संघ असतात आणि अख्खं गाव त्यावर भांडतं. त्या स्पर्धांची वेळापत्रकं मी वर्षानुवर्षं केली. बायको प्राजक्ता पुण्याची, इंजिनियर. इथे शेजारच्या फेल्डहोवनला तिला नोकरी लागली आणि तिच्या मागे मी आलो. आधी ब्रेडा नावाच्या शहरातल्या एका गोडाऊनमध्ये पार्सलं उचलली. मग मार्लूस भेटली. ती आमच्या ऑफिसची प्रमुख. तिने डिप्लोमा विचारला नाही. एवढंच विचारलं, "आठ कॅप्टन एकाच वेळी रागावले तर तू काय करतोस?" मी म्हटलं, "चहा पाजतो." ती हसली आणि म्हणाली, सोमवारी ये. त्या बाईचं नाव निघालं तरी माझे हात जोडले जातात. म्हणूनच तिच्यासमोर नापास व्हायची भीती जास्त.

यूपच्या फोननंतर मी जुना फॉरमॅट घेऊन बसलो. सगळे सगळ्यांशी एकदा खेळायचे, याला साखळी म्हणतात. पहिले चार प्ले-ऑफला, म्हणजे सेमीफायनल आणि फायनल. दिसायला सोपं. पण निळ्या जर्सीवाल्या मोठ्या कॉलेजात हजारो मुलं, त्यातली निम्मी परदेशातून आलेली. त्यांचा संघ दरवर्षी पहिला. खालच्या चार संघांना दिवाळीलाच कळायचं की आपल्याला आता काही मिळणार नाही. मग ते यायचे बंद व्हायचे. समोरच्याला वॉकओव्हर, म्हणजे न खेळता जिंकल्याचे गुण. न खेळता जिंकणारेही वैतागायचे, कारण ते सायकली मारत पावसातून आलेले असायचे.

मी नवीन रचना केली. साखळी संपली की वरचे चार एका गटात, खालचे चार दुसऱ्या गटात. गटातल्या गटात पुन्हा मॅचेस. वरच्या गटातले पहिले तीन सेमीफायनलला. चौथी जागा खालच्या गटाच्या विजेत्याला, त्याची गाठ वरच्या गटातल्या पहिल्याशी. म्हणजे शेवटच्या संघालाही शेवटपर्यंत आशा. मला ती रचना फार आवडली. प्राजक्ताला दाखवली तर ती म्हणाली, "छान आहे. पण जेवत का नाहीयेस?"

"नाही पटली तर?"

"नाही पटली तर दुसरी करशील. जेव आता."

मार्लूसने सगळ्या कॅप्टनांची मीटिंग बोलावली. इथे कुठलाही नियम साहेबाच्या सहीने होत नाही. सगळ्यांनी बसायचं, प्रत्येकाने बोलायचं, कॉफीबरोबर एकच बिस्किट खायचं आणि सगळ्यांना सहन होईल असं काहीतरी निघेपर्यंत उठायचं नाही. मी स्क्रीनवर रचना दाखवली. माना हलल्या. मला जरा हायसं वाटलं.

मग यूप बोलला. "फॉरमॅट चांगला आहे. पण आमच्याकडे गोलकीपर नाही. वरच्या गटाकडून अकरा खाण्याऐवजी खालच्या गटाकडून सहा खाऊ. एवढाच फरक."

निळ्यांचा कॅप्टन थैस खुर्ची मागे टेकून बसला होता. उंच, मोठ्या आवाजाचा पोरगा. तो म्हणाला, "आमच्याकडे चार गोलकीपर आहेत. तीन नुसते बसून असतात. एक घेऊन जा."

"नाही!" मी म्हणालो.

इतक्या जोरात म्हणालो की सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"का नाही?" मार्लूसने विचारलं.

आता काय सांगू? कोल्हापुरात एका पेठेचा पोरगा दुसऱ्या पेठेची जर्सी घालून उतरला तर काय होतं, हे त्या खोलीत कसं समजावणार? मी म्हटलं, "नियमात नाही."

"मग नियम लिही," थैस म्हणाला. त्याला ते इतकं सोपं वाटत होतं, जणू सायकलचा पंप देत होता.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. यूपने माझ्याकडे बघून सांगितलं, "सुट्टीच्या आधी सांग. नाहीतर आम्ही नाव काढून घेणार."

घरी येऊन मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. माझा मोठा भाऊ, आमच्या तालमीच्या संघाचं बघतो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"येड लागलंय का तुला? आपला गोलकीपर पलीकडच्या पेठेच्या गोलात उभा करणार? त्याला घरात घेतील का परत?"

"इथं पेठ नाही दादा. कॉलेज आहे."

"कॉलेज असू दे न्हाईतर शाळा. माणूस आपल्याच पोरांविरुद्ध कसा खेळंल? एक गोल सुटला की म्हणतील, विकला. तुझ्यावर येईल बघ. नोकरी घालवून बसशील."

मला अगदी हेच वाटत होतं. प्राजक्ता मागून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "भाऊजींची काळजी बरोबर आहे. पण त्या मीटिंगमध्ये हरकत कुणी घेतली?"

"मी."

"अजून कुणी?"

कुणीच नाही. मी लॅपटॉप उघडला.

नियम लिहिला. खालच्या चार संघांना वरच्या संघांकडून खेळाडू उसना घेता येईल. जो आपल्या संघातून एकही मॅच खेळलेला नाही, असाच. सीझन संपेपर्यंत. मार्लूसने वाचून मान डोलावली. निळ्यांचा लुकास नावाचा गोलकीपर पिवळ्यांकडे गेला. दुसऱ्या दोन संघांनीही एकेक पोरगा घेतला. यूपने नाव काढलं नाही.

त्यानंतर जे झालं त्याने माझी झोप उडाली. पिवळे जिंकायला लागले. लुकास चांगला होता. इतका चांगला की निळ्यांनी त्याला बसवून का ठेवलं होतं याचं मला आश्चर्य वाटायचं. गोल खायची भीती गेल्यावर पुढची पोरंही मोकळी खेळायला लागली. खालच्या गटात पिवळे पहिले आले. आणि माझ्याच रचनेप्रमाणे सेमीफायनलला त्यांच्यासमोर आले वरच्या गटातले पहिले. निळे.

म्हणजे लुकास आपल्याच कॉलेजविरुद्ध.

ही वेळ येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, म्हणून त्याबद्दल नियमात एक ओळसुद्धा नव्हती. खेळवला आणि त्याच्या हातून गोल सुटला, तर पिवळे म्हणणार फसवलं. त्याने सगळं अडवलं, तर निळे म्हणणार गद्दार. बसवला, तर पिवळ्यांच्या गोलमध्ये पुन्हा हॉकीवाला. तिन्ही बाजूंनी तक्रार माझ्या टेबलावर येणार, आणि मार्लूस कॉन्ट्रॅक्टचा निर्णय त्याच महिन्यात घेणार.

मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, "त्या दिवशी दोन सिक्युरिटीवाले मागवूया का?"

"कशासाठी?"

"प्रेक्षक चिडले तर."

"रणजित, आपल्या सेमीफायनलला तीसेक माणसं येतात. आणि दोन कुत्री."

"पण लुकास..."

"लुकासला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. इथे चार वर्षं काढून मी अजून आधी घाबरतो, मग विचारतो. थैसला फोन केला.

"अर्थात तो खेळणार," थैस म्हणाला. "नाहीतर गोलमध्ये कोण? त्या हॉकीवाल्यासमोर जिंकून आम्हाला काय मिळणार?"

मग लुकासला विचारलं, तुला अवघड वाटत असेल तर सांग, कुणी काही म्हणणार नाही.

"अवघड?" तो म्हणाला. "दोन वर्षं मी निळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. आता मला बसवलंस तर मी तुझ्या ऑफिसच्या दारात सायकल आडवी लावीन."

सगळे तयार. घाबरलेला मी एकटाच.

मॅचच्या दिवशी एप्रिलचं लख्ख ऊन होतं. वारा मात्र हाडात जाणारा. मी गोलच्या मागे उभा राहिलो. थैस आल्या आल्या लुकासला ओरडून म्हणाला, "आपल्या दोघांचा उद्याचा लॅबचा रिपोर्ट माझ्याकडे आहे हं, विचार करून अडव!" लुकासने त्याला हातमोजा दाखवला. बाकीचे हसले. मला हसू आलं नाही.

सुरुवातीलाच ते घडलं. लांबून एक साधा शॉट आला. डोळे मिटून पकडावा असा. लुकासच्या हातातून तो सुटला, पायांमधून मागे गेला, गोल. आता. आता कुणीतरी ओरडणार. मी आधी पिवळ्यांच्या पोरांकडे बघितलं, मग काठावरच्या लोकांकडे. एक बाई कुत्र्याचा पट्टा सोडवत होती. यूप पळत लुकासकडे गेला. मी दोन पावलं पुढे सरकलो, भांडण सोडवायला.

यूपने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुढचा पकड," म्हणाला आणि परत गेला.

एवढंच.

त्यानंतर लुकासने जे अडवलं ते मी अजून कुणाकुणाला सांगतो. थैसचा एक हेडर त्याने एका हाताने बारवरून बाहेर काढला. थैस डोक्याला हात लावून हसायला लागला. पिवळ्यांनी बरोबरी केली. मग शेवटी निळ्यांचा एक गोल झाला, त्यात लुकासची काही चूक नव्हती. दोन-एक. निळे फायनलला गेले आणि नेहमीप्रमाणे जिंकलेही.

मी घरी येऊन दादाला सांगितलं. त्याने स्कोअर पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, "आणि त्या पोराला कुणी काहीच म्हणालं न्हाई?"

"निळ्यांनी त्याला बियर पाजली."

"गंमत आहे बाबा तुमच्याकडं." त्याच्या आवाजात थोडी नाराजी होती.

तरी मी तक्रारीची वाट बघत राहिलो. रोज सकाळी उठल्या उठल्या मेल उघडायचो. शेवटी एक आली. खालच्या गटातल्या एका संघाची. मी उभा राहूनच वाचली. त्यांचं म्हणणं, पिवळ्यांना चांगला माणूस मिळाला, आम्हाला मिळाला तो सुमार. पुढच्या वर्षी उसना फॉरवर्ड निवडायचा पहिला हक्क शेवटच्या संघाला द्या. मार्लूसला दाखवली. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी म्हणतायत. म्हणजे येणार आहेत."

आठही संघांनी पुन्हा नावं दिली. मैदानं राहिली. मार्लूसने मला नवीन कॉन्ट्रॅक्ट दिलं, यावेळी कायमचं. मी आभार मानायला लागलो तर तिने हाताने थांबवलं. "उसन्या खेळाडूने स्वतःच्या कॉलेजविरुद्ध खेळायचं की नाही, ते नियमात लिहून टाक. त्यांना गरज नाही. तुझ्यासाठी लिही."

लिहिलं: खुशाल खेळायचं.

निळे यंदाही पहिलेच येतील असं दिसतंय. ते मला बदलता आलं नाही, आणि कुठल्याही प्ले-ऑफला बदलता येणार नाही. पण अकरा-शून्य पुन्हा झालेलं नाही. एवढ्या वर्षांत मी शिकलो ते इतकंच: लीगमधला तोल बघायचा असेल तर गुणतक्ता नंतर उघडावा. आधी मोठ्या संघाच्या बाकावर किती पोरं थंडीत कुडकुडत बसली आहेत, ते जाऊन बघावं.