हुद्द्याचा रकाना

दुबईतल्या अल क्वोजच्या त्या कंत्राटदार कंपनीत दोनशे कामगारांचे पासपोर्ट एकाच तिजोरीत ठेवलेले. किल्ली अकरा वर्षं प्रमिलाच्या ड्रॉवरमध्ये. पण ती फिरवायला मॅनेजरची सही लागायची. दोन हजार नऊच्या जानेवारीत कामं धडाधड बंद पडली आणि मॅनेजर विजयकुमारांचं पेनच आटलं.

"ताई, गावी बायकोला हॉस्पिटलात मशीनवर ठेवलंय," दत्ताराम सुतार दारातून म्हणाला. "भावानं तिकीट काढलंय. संध्याकाळचं विमान आहे."

प्रमिला पासपोर्ट सोडायचा फॉर्म घेऊन आत विजयकुमारांकडे गेली.

"मोठ्या साहेबांचं अप्रूव्हल येऊ दे."

"सर, मोठे साहेब तीन आठवडे फोन उचलत नाहीयेत."

"मग थांबेल तो. आज एक सुटला की उद्या पन्नास जण रांग लावतील."

"आणि त्याची बायको? ती थांबेल?"

"मॅडम, इमोशनल होऊ नका. मी लंचला निघालो. यल्ला, चला."

प्रमिलाची कानशिलं तापली. तिनं तिजोरी उघडून दत्तारामचा पासपोर्ट त्याच्या हातात दिला. फॉर्मवर 'मंजुरी देणारा' इथं स्वतःचं पूर्ण नाव ठोकलं. खालचा हुद्द्याचा रकाना रिकामा राहिला. दत्ताराम हात जोडायला लागला तशी ती त्याच्यावरच ओरडली, "नमस्कार कसले करतोस? पळ!"

समोरच्या टेबलावरच्या चिनी एस्टिमेटरनं, लिऊनं, पिवळ्या चिठ्ठीवर एक चिनी अक्षर काढून तिच्याकडे सरकवलं.

"राजाचं काम नोकरानं केलं, पायरी सोडली, की आमच्याकडे हे लिहितात."

"म्हणजे गुन्हा?"

"बिग गुन्हा." त्यानं पेनानं अक्षराची डावी बाजू दाखवली. "पण मॅडम, हा बघा. ही खूण म्हणजे माणूस."

तीन तासांनी विजयकुमारांच्या हातात तो फॉर्म होता आणि मॅडमची 'तू' झाली होती.

"कोण समजतेस तू स्वतःला? क्लार्क आहेस, क्लार्क! त्याला एअरपोर्टवरच अडवतो. पळून गेला म्हणून रिपोर्ट करतो!"

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिनं मुद्दाम स्पीकर लावला.

"ताई, इमिग्रेशन झालं! विमानात बसतोय."

"बस. खलास," ती म्हणाली.

"हुद्दा का रिकामा ठेवलास?" विजयकुमारांनी फॉर्म टेबलावर आपटला. "लिही! कुठल्या हुद्द्यानं सही केलीस ते लिही!"

प्रमिलानं पिवळी चिठ्ठी शेजारी ठेवली. दातओठ खात, एकेक रेघ बघून, ते अक्षर रकान्यात उतरवलं. आधी डावीकडचा माणूस.

"हे काय आहे?"

"माझा हुद्दा, सर."

मग तिनं किल्ली घेतली. अकरा वर्षं तिचाही पासपोर्ट त्याच तिजोरीत होता.