बाल्कनीतला अर्धा तास

बर्फाच्या डोंगरातल्या त्या हॉटेलात आम्ही आठ दिवस राहिलो. त्यातले चार मी दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत काढले.

मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. फेब्रुवारीत नातीच्या बालवाडीला सुटी लागते आणि तिकडची माणसं पोराबाळांना घेऊन बर्फावर स्की करायला जातात. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, या वर्षी तू पण चल. रिटायर झाली, आता काय अडचण आहे तुले?" अडचण ह्यांची होती. आमची संत्र्याची बाग लोधीखेड्याच्या रस्त्याला आहे आणि मृगाचा बहार नेमका तेव्हाच तोडणीला आलेला. हे म्हणाले, "मी नाही येत. तू जाय, बर्फ पाहून ये." म्हणून मी एकटी निघाले. आमच्या सौंसर गावची सोबत म्हणून पिशवीत जवसाची चटणी आणि चिवडा.

हॉटेल खास लेकुरवाळ्यांसाठीचं होतं. सगळं लाकडाचं, उबदार. जेवणाच्या खोलीत लहान मुलांच्या उंचीची टेबलं, तळघरात रंगीत चेंडूंनी भरलेला हौद, कोमट पाण्याचा तलाव. न्हाणीघरात पोरांना बेसिनपर्यंत हात पोचावा म्हणून ठेवलेलं स्टूलसुद्धा. दारातच ओले बूट काढून गरम हवेच्या नळ्यांवर अडकवायचे आणि आत सगळ्यांनी मऊ सपाता घालून फिरायचं. पहिल्या संध्याकाळी मला ते फार आवडलं. एवढी पोरं, पण कोणी कोणावर खेकसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नातीला स्कीच्या शाळेत सोडलं. साडेचार वर्षांची पोर. दुपारी ती रडतच परत आली, कान दुखत होता, अंगही गरम होतं. डॉक्टरनं औषध दिलं आणि तीन-चार दिवस बाहेर काढू नका म्हणून सांगितलं. मुलगा आणि सून एकमेकांकडे पाहू लागले. वर्षभर दोघं या आठवड्याची वाट पाहत होते, ते मला दिसत होतं. मीच म्हणाले, "जा तुम्ही. मी आहे ना."

"नक्की, आई?" सुनेनं विचारलं.

"छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला मी. एक पोट्टी नाही सांभाळल्या जात का?"

तर असं मी स्वतःच्या तोंडानं त्या खोलीत जाऊन बसले. त्यात कोणाचा दोष नव्हता.

पण दिवस निघेना. सकाळी नऊला दोघं जड बूट खाडखाड वाजवत जायची, चारला यायची. खोलीत हीटर चालू, खिडक्यांना तीन-तीन काचा, बाहेरचा आवाज म्हणून आत येत नव्हता. सौंसरला दिवसभर काही ना काही कानावर पडतं, भाजीवाला, शेजारणीचा कुकर, कोणाच्या तरी घरचा लाऊडस्पीकर. इथे माझाच श्वास मला ऐकू यायचा. खाली जेवायला गेलं की वेटर हसून काहीतरी विचारायचा, मी हसून मान हलवायची आणि मग बशीत काय येईल ते खायचं. बर्फात घालायचे बूट माझ्याजवळ नव्हते. माझी चप्पल पाहून रिसेप्शनवरच्या बाईनं पहिल्याच दिवशी बोट हलवून मला दारातून मागे फिरवलं होतं. बिचारी काळजीनंच म्हणाली असेल.

नात माझी मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते. दुखणं असल्यामुळे चिडचिडी झालेली. गोष्ट सांगू? "नाइन," म्हणजे नाही. चित्र काढू? "नाइन." रोज दुपारी ह्यांचा फोन यायचा. "काय करून राहिली?"

"काही नाही. बसून आहे."

"मजा आहे बापा तुह्यी," ते म्हणायचे, आणि मागून मजुरांचे, क्रेट आपटल्याचे आवाज यायचे. फोन ठेवावासा वाटत नसे.

सहाव्या दिवशी सकाळी ऊन पडलं. समोरचा सगळा डोंगर असा पांढरा झाला की डोळे दिपले. नात खाली बसून ठोकळे रचत होती. मी तिचा ओला टॉवेल उचलला, बाल्कनीचं दार उघडलं आणि बाहेर गेले. अंगावर साडी आणि स्वेटर, पायात हॉटेलच्या सपाता. हवा नाकात सुईसारखी शिरली, तरी मी दोन-चार लांब श्वास घेतले. फार बरं वाटलं.

मागे खट् आवाज झाला.

वळून पाहिलं तर दार लागलेलं आणि आत नात हँडलला लोंबकळून हसत होती. तिकडच्या दारांचं हँडल आडवं असलं की दार उघडतं, खाली वळवलं की कुलूप लागतं. बाहेरून हँडल नसतंच.

"उघड, बाळा," मी म्हणाले.

तिनं काचेला नाक लावून मला वेडावून दाखवलं आणि पलंगामागे पळाली. तिला वाटलं, आजी लपाछपी खेळून राहिली.

मी दार ठोकलं, हाका मारल्या. तिन्ही काचांच्या पलीकडे किती पोचलं देव जाणे. फोन आत टेबलावर. शेजारच्या बाल्कन्या रिकाम्या, सगळं हॉटेल डोंगरावर गेलेलं. खाली अंगणात एक माणूस मशीननं बर्फ उडवत होता. मी कठड्यावरून वाकून ओरडले, "अहो भाऊ! अहो, इकडे!" त्याच्या कानांवर आवाज अडवणारे मोठे डबे होते. त्यानं वर पाहिलंच नाही. टॉवेल फेकला, तो मध्येच पत्र्याच्या छपरावर अडकला.

पाय आधी दुखले, मग दुखायचे थांबले. तेव्हा मी घाबरले. माझ्यापेक्षा जास्त पोरीसाठी. खोलीत पाणी तापवायची किटली होती, औषधाची बाटली होती, न्हाणीघरात टब होता. ती पलंगामागून निघाली आणि न्हाणीघराकडे वळली. मी दोन्ही तळव्यांनी काच बडवली. तिनं माझं तोंड पाहिलं. हसू गेलं तिचं आणि ओठ थरथरले.

तेव्हा मला समजलं, की माझ्या तोंडावरची भीतीच तिला घाबरवून राहिली आहे. बोरगावच्या शाळेत माझी पोरं घरी मराठी बोलणारी आणि पुस्तक हिंदीतलं. पहिले दोन महिने मी हातवाऱ्यांवरच वर्ग चालवायची. मी तोंड सारखं केलं. हसले. काचेवर वाफ सोडून बोटानं हँडल काढलं आणि शेजारी वर जाणारा बाण. ती जवळ आली. मी दोन्ही हात हवेत धरून वर उचलले. तिनंही दोन्ही हात हवेत वर उचलले. मी पुन्हा केलं. तिनं पुन्हा केलं. कवायतीसारखं. रडू यावं की हसू, कळेना.

मग आठवलं. सकाळी जॅमची बाटली माझ्यासमोर धरून ती कुरकुरायची, "आउफ! आउफ!" म्हणजे उघड.

मी काचेला तोंड लावून ओरडले, "आउफ! आउफ!"

तिचे डोळे मोठे झाले. आजीच्या तोंडून तो शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. ती न्हाणीघरातून स्टूल ओढत घेऊन आली, वर चढली, आणि दोन्ही हातांनी हँडल वर लोटू लागली. ते हलेना. मी इकडून खांदा लावून सगळ्या ताकदीनं दार आत ढकलत होते. ती लाल झाली, मी ढकलत राहिले. शेवटी माझा दम संपला. मी दारापासून सुटून मागे कठड्याला टेकले, आणि तेवढ्यात खट् झालं. माझ्याच ढकलण्यानं कुलूप आवळलं जात होतं.

दार उघडलं तसं मी आधी तिला स्टुलावरून उतरवलं, मग खाली बसले आणि बसूनच राहिले. घड्याळात पाहिलं तर जेमतेम अर्धा तास झाला होता. तिनं माझ्या पायांवर तिचं पांघरूण टाकलं आणि स्वतःच्या दुखऱ्या कानाला हात लावून विचारलं, "आजी, आउवा?" आजी, दुखतं?

मी कोणाला सांगणार नव्हते. पण संध्याकाळी जेवताना तिनंच सगळं अभिनयासकट सांगितलं. मुलाचा घास हातातच राहिला.

"आई, तू बाहेर गेली काहून? अन् पोरीले आत एकटी ठेवून?"

"टॉवेल वाळत घालाले," मी म्हणाले.

"टॉवेल हीटरवर वाळते ना!"

त्याचं बरोबर होतं. मी बशी बाजूला सारली आणि खरं ते बोलले. "टॉवेलसाठी नाही गेली रे. चार दिवसांपासून त्या खोलीत मले कोंडल्यासारखं होऊन राहिलं. श्वास घ्याले गेली."

सून उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि टेबलाखाली वाकून माझे पाय हातात घेतले. "आई, तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही एवढ्या खुशीत होता."

दुसऱ्या दिवशी बर्फाचं वादळ आलं. डोंगरावर नेणारे पाळणे बंद, खाली जायचा रस्ताही बंद. दीड दिवस आम्ही चौघं त्याच खोलीत होतो. पहिल्या दोन तासांतच मुलगा खिडकी ते दार, दार ते खिडकी फिरू लागला. मोबाइल पाहायचा, उसासे टाकायचा. दुपारी तो माझ्याजवळ पलंगावर बसला आणि हळूच म्हणाला, "चार दिवस कशी राहिली तू इथे?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

रस्ता मोकळा झाला तसं त्यानं माझ्यासाठी बूट भाड्यानं आणले. सून म्हणाली, "मी येते सोबत." मी नको म्हणाले. तिला राग आला नाही.

मी एकटी गावातून चालत गेले. पावलाखाली बर्फ करकर वाजत होतं. एक दोनदा घसरले, एका म्हाताऱ्यानं कोपराला धरून सावरलं आणि काहीतरी बोलून निघून गेला. गावाच्या टोकाला बसस्टॉप होता, तिथल्या बाकावर बसले. थोड्या वेळानं एक पिवळी बस आली. माझ्यासमोर थांबली, दार उघडलं. ड्रायव्हर माझ्याकडे पाहत राहिला. बस कुठे जाणार, मला माहीत नव्हतं. तो घाईत नव्हता. मलाही घाई नव्हती.

मग मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं हात केला, दार लागलं आणि बस वळणावरून खाली गेली. मी आणखी एक लांब चक्कर मारली आणि जेवायच्या वेळेला परत आले.