पहिलं कुलूप कुणी काढायचं

मुलगी आठवीत असताना तिला शाळेत भाषणासाठी विषय मिळाला: अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांचं शीतयुद्ध संपलं त्यात नेत्यांचा वाटा किती? तो विषय घेऊन ती घरी आली तेव्हा आमच्या कुवेतमधल्या मंगाफच्या फ्लॅटमध्ये खिडक्यांना टेप लावायचं काम चाललं होतं. शेजारी इराकमध्ये पुन्हा युद्ध पेटणार अशी हवा होती आणि विषारी वायू सोडतील, निदान एक खोली तरी हवाबंद करून ठेवा, असं जो तो सांगत होता. मी स्टुलावर उभा, टेपचं टोक दातांत, आणि ही खालून विचारतेय की शीतयुद्ध कुणी संपवलं. मी म्हणालो, "आधी हे गरम युद्ध दारात आलंय त्याचं बघू."

"बाबा, बी सीरियस," ती म्हणाली. मराठी ऐकायचं आणि इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा इथे वाढलेल्या पोरांचा खाक्या.

मी सीरियस झालो, म्हणजे आवाज चढवून बोलायला लागलो. नाशिकला आमच्या घरात रशिया म्हणजे अडीअडचणीला धावून येणारा मित्र. तो देश मोडला त्या दिवशी वडील जेवले नव्हते. तो राग माझ्यात वारशाने आलेला. मी तिला सांगून टाकलं की संपवलं वगैरे काही नाही, मॉस्कोतल्या नेत्याने शेपूट घातलं आणि वॉशिंग्टनमधल्याने त्यावर आपली मिरवणूक काढली.

"सो जो फर्स्ट जातो तो लूजर?"

"अर्थात."

टेपचं दुसरं टोक धरून बायको उभी होती. ती म्हणाली, "बरोबरच आहे मग. म्हणून सहा वर्षं या बिल्डिंगमध्ये कुणी पहिलं गेलं नाही." आणि टेप खिडकीला दाबून ती स्वयंपाकघरात गेली.

तिचा रोख दोन मजले खाली होता. तिथे माझा एकेकाळचा जिवलग मित्र राहायचा, पुण्याचा मेकॅनिकल इंजिनियर. शुऐब्याजवळच्या एकाच कारखान्यात आम्ही दोघे, एकाच बसने जाणारे-येणारे. माझी बायको हॉस्पिटलमध्ये नर्स. तिची दुपारची ड्युटी असली की आमची मुलगी त्यांच्याकडेच जेवायची, झोपायची, पाढे म्हणायची. पुढे मी आणि तो बोलेनासे झालो आणि बायकांचंही येणं-जाणं आपोआप आटलं. लिफ्टमध्ये समोरासमोर आलो की तो मजल्यांचे आकडे वाचायचा आणि मी माझे बूट बघायचो. आता त्याने राजीनामा दिला होता. युद्ध होवो न होवो, येत्या गुरुवारी तो कुटुंबासह कायमचा पुण्याला चालला होता. हातात पाच दिवस होते, आणि ते गेले की जन्मभर असंच राहणार, हे मला आणि बायकोला दोघांनाही पक्कं कळत होतं.

भांडण कशावरून? एका कुलपावरून. कारखान्यात पंप उघडून दुरुस्त करायचा तर आधी त्याची वीज तोडतात आणि त्या स्विचवर कुलूप घालतात. जितकी माणसं कामावर तितकी कुलपं, प्रत्येकावर ज्याच्या-त्याच्या नावाची चिठ्ठी, किल्ली ज्याच्या-त्याच्या खिशात. काम झालं की ज्याने त्याने आपलं कुलूप स्वतःच्या हाताने काढायचं. शेवटचं निघेपर्यंत पंप फिरत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणं म्हणजे त्याच्या जिवाला हात लावणं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात घोकवलेलं.

त्या संध्याकाळी सगळी कुलपं निघाली, त्याचं एक राहिलं. तो किल्ली खिशात विसरून घरी गेला होता. अशा वेळी आधी माणसाला फोन करायचा, तो सुरक्षित आहे ना याची खात्री करायची, मगच फॉर्म भरून कुलूप कापायचं. त्याचा नंबर मला तोंडपाठ होता. फोन टेबलावर होता. पण बाहेरचा फोन ऑपरेटरमार्फत लागायचा, त्यात पाच-दहा मिनिटं मोडायची, आणि वरचे साहेब पंप कधी सुरू होतो म्हणून डोक्यावर बसलेले. मी फॉर्मवर लिहिलं: 'घरी फोन केला, उत्तर नाही.' सही ठोकली आणि कुलूप कापवलं.

कुलूप विसरल्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली. फोनलाही सापडला नाही, हे त्यात वेगळं लिहिलेलं. त्या वर्षीची त्याची बढती गेली. तो मला एवढंच म्हणाला, "मी घरीच होतो." मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." बायकोलाही मी हेच सांगितलं होतं. आपलं चुकलंय हे कळल्यावर माणूस नरम पडतो म्हणतात. मी मात्र जास्तच ताठ झालो. खरं बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती, हेही होतंच. पण पहिलं एक वर्ष ती भीती होती, नंतरची पाच नुसता माज.

मुलीच्या भाषणासाठी मी आमच्या वेल्डिंग इन्स्पेक्टरला गाठलं. तो युक्रेनचा, साठीला टेकलेला, जुन्या सोव्हिएत राज्यात वाढलेला. त्याचा साहेब अमेरिकन. तरुणपणी दोघेही आपापल्या सैन्यात एकमेकांच्या देशांवर रॉकेटं रोखून बसलेले, आणि आता शुऐब्यात एकाच किटलीतला चहा पीत होते. मी मुद्दाम डिवचलं, "तुमच्या त्या नेत्याने देश घालवला ना?"

"घालवला," तो त्याच्या तुटक्या इंग्रजीत म्हणाला. "माझी पेन्शन गेली, बचत गेली. मी त्याला रोज सकाळी शिव्या घालतो." मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "पण माझा मुलगा अफगाणिस्तानात होता. त्या नेत्याने सैन्य परत बोलावलं, म्हणून तो घरी आला. म्हणून संध्याकाळी शिव्या घालत नाही."

मी विचारलं, मग पहिलं पाऊल टाकणारा मोठा की दुसरा? तो साहेबाच्या केबिनकडे हात करून म्हणाला की त्यांचा म्हातारा राष्ट्राध्यक्ष आम्हाला सैतान म्हणत निवडून आला होता. आमचा हात पुढे आल्यावर तो आम्हाला हसला असता तर त्याच्या लोकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. तो हसला नाही, त्याने हात धरला. "एकाला लाज गिळावी लागली, दुसऱ्याला टाळ्या."

घरी येऊन मी हे सगळं मुलीला सांगितलं. तिने भराभरा लिहून घेतलं आणि वही मिटता मिटता विचारलं, "खालचे काका थर्सडेला जाणार ना?" तेरा वर्षांच्या पोरीपुढे रडायची मला सवय नव्हती.

मी चपला घालून दोन मजले जिन्याने उतरलो. लिफ्ट आली असती तर कदाचित बेत बदलला असता. दार त्यानेच उघडलं. मागे हॉलभर खोकी, भिंतीवर कॅलेंडरचा नुसता खिळा. तो दारातून बाजूला झाला. खुर्च्या पॅक झालेल्या, म्हणून आम्ही दोन खोक्यांवर बसलो. वहिनींनी पाणी आणून ठेवलं आणि त्या आत गेल्या.

"त्या दिवशी मी फोन केलाच नव्हता," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"तू घरी होतास म्हणून म्हणतोस?"

"नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरची वही पाहिली मी. आपल्या विभागातून एकही फोन बाहेर गेला नव्हता. त्या पानाची झेरॉक्ससुद्धा काढून आणली होती."

सहा वर्षं मी समजत होतो की गुपित माझ्याकडे आहे. त्याच्याकडे कागद होता. एकदा साहेबाच्या टेबलावर ठेवला असता की त्याची बढती परत आणि मी पुढच्या विमानाने नाशिकला.

"मग दाखवला का नाहीस रे कुणाला?"

त्याने शेजारच्या खोक्याची सुटलेली टेप अंगठ्याने दाबली. मग म्हणाला, "तुझी पोरगी तेव्हा नुकती दुसरीत गेली होती. रोज दुपारी इथेच बसून पाढे म्हणायची."

आतून वहिनींनी विचारलं, चहा टाकू का, पातेलं अजून बांधलेलं नाही. आम्ही दोघांनी एकदमच हो म्हटलं.