दाजींची सुधारलेली गिटार

गिटार दुरुस्त करणाऱ्या या मिस्त्रीला एक वाईट खोड होती. आलेली वस्तू नुसती नीट करून परत द्यायची, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचे दाजी, ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांची इलेक्ट्रिक गिटार मिस्त्रीच्या जन्माआधीची. तीस वर्षांपूर्वी ती घरघरायला लागली म्हणून त्यांनी ती याच्याकडे टाकली आणि आठवडाभर बाहेरगावी गेले. झालं! सुटलेली एक वायर जोडून गप्प बसावं की नाही? छे! या शहाण्यानं छिन्नीनं लाकूड कोरून तारांचा आवाज पकडणारा तिसरा पिकअप बसवला, खुंट्या बदलल्या, मूळचा फिकट पिवळा रंग खरवडून चकचकीत लाल फासला. निघालेले भाग भंगारात दिले. वर ऐट काय, तर मजुरी नको, माझ्याकडून भेट! दाजी बराच वेळ गिटारकडे बघत राहिले, मग "वा" म्हणाले. त्या एका "वा"वर मिस्त्री तीस वर्षं गावभर मिरवला.

आता दाजी नाहीत. ताई मुलाकडे राहते, आणि तिथे तिला चहासुद्धा विचारून करावा लागतो. तिनं तळमजल्यावरची एक खोली बघून ठेवली होती. गिटार विकायची आणि स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप लावायचं, एवढंच तिला हवं होतं.

जुनी वाद्यं घेणारा व्यापारी मिस्त्रीच्या दुकानात आला. ताई गिटार घेऊन तिथेच बसली होती. त्यानं स्क्रू काढले, आत टॉर्च मारला आणि कपाळाला हात लावला.

"कुठल्या कसायानं कोरलंय हे? जशीच्या तशी असती तर मागाल ते दिलं असतं. लाकूड तेवढं जुनं, बाकी सगळं परकं. हिला त्या काळची म्हणू तरी कशी?"

त्यानं सांगितलेल्या आकड्यात खोलीचं दोन महिन्यांचं भाडंही निघत नव्हतं. तो गेला.

"त्याला काय कळतंय, ताई!" मिस्त्री उसळला. "आवाज किती सुधारला होता! दाजी केवढे खूश होते."

"नव्हते रे," ताई म्हणाली. "त्या दिवशी घरी येऊन लहान मुलासारखे रडले. माझी गिटार गेली म्हणाले. तुला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातली. कार्यक्रमाला मित्राची मागून न्यायचे. ही फक्त तू येणार असलास की बाहेर निघायची."

मिस्त्री कळवळला. "मग मला शिव्या तरी घालायच्या होत्या!"

"घालून काय, ते लाकूड भरून आलं असतं?"

ती चिडली असती तरी बरं झालं असतं. ती नुसती दमली होती.

"तू माझ्याकडे चल राहायला."

"तुझ्याकडे? आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तू ती गिटारची गोष्ट सांगणार, ती रोज ऐकत बसू? नको बाबा." तिनं पदरानं चष्मा पुसला. "मुलाला फोन लाव. म्हणावं, आई कुठे जात नाही."

त्यानं फोन लावला. पलीकडून भाचा "बोला मामा" म्हणाला, तेव्हा मिस्त्रीला बोलताच येईना, आणि फोन ताईच्याच हातात द्यावा लागला.