आत्याची दरी

"बेटा, आगे दरी है!"

आत्या हे पहिल्यांदा ओरडली तेव्हा ती मुलं थांबली, मागे वळली आणि त्यातला एक म्हणाला, "अच्छा? बिछा दी है क्या, आंटी?"

हिंदीत दरी म्हणजे सतरंजी.

अख्खी नोकरी दिल्लीत, सरकारी ऑफिसात काढली, तरी घाबरली की आत्याच्या तोंडून मराठीच निघायचं.

परवा सकाळी आत्या गेली.

तुमच्यापैकी बरेच जण तिला ओळखत नाहीत, म्हणून सांगते.

गुरुग्रामच्या बाजूला अरावलीच्या टेकडीवर एक पार्क आहे. बाकं, वॉकिंग ट्रॅक, बाभळीसारखी कीकरची झाडं. ट्रॅक संपतो तिथे जमीनच संपते. जुनी दगडाची खाण. सरळ तुटलेला कडा, खाली हिरवं पाणी.

मध्ये काहीही नाही. साधी तारसुद्धा नाही.

आतोबा तिथून पडून गेले.

रविवारची सकाळ होती. ते आत्याचा फोटो काढत होते. तिच्या तोंडावर ऊन यावं म्हणून स्वतः कड्याकडे पाठ करून उभे.

आत्या म्हणाली, "अहो, अजून थोडं मागे जा ना. साडी पूर्ण येऊ दे."

ते गेले.

तिथे दोघंच होती. हे वाक्य कोणीच ऐकलं नव्हतं.

पुढे पार्कच्या ऑफिसात चौकशी झाली. मी आत्याच्या शेजारी बसले होते. साहेबांनी विचारलं, "हुआ कैसे?"

आत्याने जसं झालं तसं सांगितलं. साडीसकट.

साहेबांचा चेहरा एकदम सैल पडला. "देखिए मैडम, तब तो ये आपकी अपनी लापरवाही हुई."

"जी, बिल्कुल," आत्या म्हणाली. "मेरी गलती मैं घर ले जाती हूँ. आपकी आप रखिए. वहाँ कठडा क्यों नहीं था?"

"क्या नहीं था?"

"रेलिंग," मी म्हणाले.

साहेबांनी फाईल बंद केली.

बाहेर आल्यावर मी चिडले. "कशाला सांगितलंस गं? कोण होतं तिथे ऐकायला?"

"मी होते ना," आत्या म्हणाली.

मी तेव्हा विशीत होते. आज चाळिशी ओलांडली. ते तीन शब्द अजून मला पेलत नाहीत.

कठडा आला नाही. बोर्ड आला. "आगे अपनी ज़िम्मेदारी पर जाएँ."

आत्याने चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. "बघ, त्यांची चूक पण माझ्याच पदरात घातली."

पुढच्या रविवारी ती तिथे जाऊन उभी राहिली. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग तिचे रविवार तिथलेच झाले. साडी, वर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज आणि थंडीत ती भयंकर मंकी कॅप.

दिल्लीतल्या मुनिरकाहून, कुठून कुठून कॉलेजची मुलं कॅब करून यायची. सेल्फी काढत, मागे न बघता मागे सरकायची. आत्या ओरडायची.

मी तिला बरोबर हिंदी शब्द शिकवला. खाई. तिने तो इमानदारीत वापरून पाहिला.

"हाँ हाँ आंटी, पता है," म्हणून मुलं पुढेच जायची.

ती पुन्हा 'दरी' या शब्दावर आली. मला म्हणाली, "बरोबर शब्दाला कोणी थांबत नाही गं. चुकीच्या शब्दाला हसायला तरी मागे वळतात."

आणि वळले की ती त्यांचं मनगट धरायची. अडवायची नाही. धरून कड्याजवळ न्यायची. "अब देखो. आराम से देखो."

मला वाटायचं, तिला त्या जागेचा राग असणार. मला तर होताच. मी किती वर्षं कड्याजवळ गेलेच नाही.

एका थंडीत तिने मलाही तसंच धरून नेलं.

धुकं नुकतं विरत होतं. लांब गुरुग्रामच्या टॉवर्सच्या काचा एक एक करून पेटत होत्या. आणि आमच्या पायांच्या खूप खाली एक घार फिरत होती.

खाली. घार.

तोवर मी घार फक्त पोटाकडून पाहिली होती. तिची पाठ पहिल्यांदाच दिसली. तपकिरी, शांत, उन्हात तांब्यासारखी.

"बाई गं," एवढंच मला बोलता आलं.

"हो ना?" आत्या म्हणाली. "हे बघायला तर यायचो आम्ही. जागा वाईट नाही गं. नुसती उघडी आहे."

जिने तिथे आपलं माणूस गमावलं, ती हे म्हणत होती. मी कड्याकडे बघत होते की तिच्याकडे, मला खरंच आठवत नाही.

या थंडीत आत्या अंथरुणाला खिळली. रविवारी तिथे उभं राहायला कोणी उरलं नाही. एक मुलगी घसरली. झुडपात अडकली म्हणून वाचली, पाय मोडला.

मग ऑफिस हललं. सोमवारपासून तिथे माणसापेक्षा उंच पत्रे ठोकणार आहेत. पूर्ण बंद.

मी फोन केला. आता वेगळे साहेब आहेत. म्हणाले, "मैडम, रेलिंग लगाएँगे तो कल कोई उस पर चढ़ेगा, फिर हम ही फँसेंगे. बंद कर दिया तो किस्सा खत्म."

हे मी आत्याला सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे आता कोणालाच दिसणार नाही?"



आत्या, सावकाश जा.

आणि साहेब, ही पोस्ट कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच. तुमचं उत्तर मला माहीत आहे, तरी मागते. सोमवारी पत्रे लावू नका. कमरेएवढा कठडा घाला, आरपार दिसेल असा. आणि त्यावर कोणी चढलंच, तर जबाबदारी घ्यायला तुम्ही तिथे असा.