खिसा आधी, कॅमेरा नंतर

साऱ्या मराठवाड्यात माझ्या थोरल्या साडूंइतका चोखंदळ माणूस सापडणार नाही, आणि चोखंदळपणाचा इतका कमी उपयोग झालेला माणूस तर त्याहून सापडणार नाही. हे गृहस्थ हिंगोलीजवळच्या गोरेगावला वीज मंडळात वायरमन. खांबावर चढताना त्यांना कधी विचार करावा लागला नाही, पण साधी चप्पल घ्यायची म्हटली की घाम फुटायचा. एक चप्पल पायात, दुसरी काखेत, अशा अवतारात ते हिंगोलीच्या बाजारातून चालून पाहायचे आणि दुकानदार बिचारा मागे मागे. छताचा पंखा घेताना तर त्यांनी दुकानातच सतरंजी अंथरायला लावली आणि पंख्याखाली चांगली झोप काढली. उठल्यावर म्हणाले, "वारा बराबर हाय, पण डोक्याशी जास्त अन् पायाशी कमी लागून राहिला." लग्नाआधी माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला पाहायला ते इतक्या वेळा आले, की आमचे सासरे शेवटी न राहवून म्हणाले, "पाहुणे, पोरगी पाहून राहिले का नुसते पोहे खाऊन राहिले?" तेव्हा त्यांच्या आईनेच निकाल लावला. "मला पसंत हाय. ह्याच्यावर सोडलं तर पोरगी म्हातारी व्हईल," असं म्हणून तिने होणाऱ्या सुनेच्या हातावर साखर ठेवली. तो संसार उत्तम झाला, हे सांगायला हवं.

अशा माणसाच्या मनात डिजिटल कॅमेरा घ्यायचं आलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पुण्याहून लग्नाला आलेल्या कुणा नातेवाइकाच्या हातात त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला. रोल नाही, धुवायला टाकणं नाही, काढला की मागच्या काचेवर फोटो हजर, आणि सगळा कारभार मुठीत मावेल एवढा. साडूंनी वधूवरांवर फुलं टाकायची सोडून त्या पाहुण्याची पाठ धरली. आम्हाला वाटलं, हौस. पण हौस नव्हती ती, आणि हे त्यांनी मला फार दिवसांनी सांगितलं.

त्यांच्या घरात भिंतीवर वडिलांचा एकच फोटो होता. साडू लहान असताना वडील गेले. त्या काळी आमच्या भागात माणूस गेल्यावरच फोटोची आठवण व्हायची. तालुक्याहून फोटोवाला यायचा, गेलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचे, मागून कुणीतरी धरायचं, आणि मिटलेले डोळे मग स्टुडिओवाला आपल्या ब्रशने उघडून द्यायचा. डोळे काढणारा एकच, त्यामुळे पंचक्रोशीतले सगळे गेलेले लोक भिंतींवरून एकसारखेच पाहत असत. त्यात गोरे, काळे, रागीट, गरीब असा भेद नव्हता. साडू म्हणायचे, "पाहुणे, त्या फोटोत माझा बाप कुठंच न्हाई. ते डोळे फोटोवाल्याचे हायेत. मायचं असं व्हऊ द्यायचं न्हाई मला." माय तर फोटो म्हटला की भडकायची. एकदा त्यांनी शेजाऱ्याचा गळ्यात अडकवायचा कॅमेरा आणला, तर तिने पदर पार हनुवटीपर्यंत ओढला आणि आतून बोलली, "आताच काहून काढून राहिला? मेल्यावर काढ. तवा मी हलणार न्हाई." म्हणजे माय हसत असताना, तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी, तिला न कळता, एक फोटो मिळाला पाहिजे, एवढी ती सारी मोहीम होती. आणि त्यासाठी कॅमेरा खिशात मावेल एवढाच हवा होता.

इथून पुढे त्यांचा स्वभाव कामाला लागला. दुसरा कुणी कॅमेरा घेऊन खिशात ठेवून पाहील, यांनी खिसा आधी शिवला. टेलरला बसवून छातीवर झाकणाचा एक खास खिसा करून घेतला, आणि मग त्या खिशात मावेल असा कॅमेरा शोधायला निघाले. तोवर सवय असावी म्हणून कॅमेऱ्याच्या मापाची अंगाच्या साबणाची वडी त्यात ठेवून हिंडू लागले. वाकताना पडते का, चढताना टोचते का, लोकांच्या डोळ्यांत भरते का, सगळं तपासणं चालू होतं. एक दिवस गावच्या नळयोजनेची मोटर दुरुस्त करताना पाइप सुटला आणि पाण्याचा फवारा थेट छातीवर आला. साडू इमानाने काम करतच राहिले. थोड्या वेळाने मोटरच्या खोलीतून बाहेर आले तर छातीवरून पांढराशुभ्र फेस पोटाकडे उतरतोय. नळावरच्या बायकांनी एकच कालवा केला, "अगं बया, वायरमनला करंट लागला!" कुणी लाकडी फळी आणली, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. साडू मात्र फेस पुसत एवढंच म्हणाले, "झाकणातून पाणी आत जाऊन राहिलं. बटन पाह्यजे."

हिंगोलीचा कॅमेरेवाला तर त्यांना पाहताच चहा सांगायचा, कारण माणूस चहाला पुरेल इतका वेळ थांबणार हे ठरलेलं. तो मेगापिक्सल सांगायचा, झूम सांगायचा. साडू ते सगळं ऐकून घ्यायचे आणि कॅमेरा कानाला लावायचे. "खट् वाजते. माय लगेच पदर घेईन." एकाची नळी चालू करताच कासवाच्या मानेसारखी बाहेर यायची, तो बाद. एक चंदेरी होता, उन्हात चमकेल म्हणून बाद. मग कॅमेरा खिशात टाकून दुकानातच उठाबशा काढायचे. शेवटी तो दुकानदारही वैतागला. म्हणाला, "भाई, कॅमेरा लेने का है के सुनने का है?" मी एकदा बरोबर होतो. लाजेने मी समोरच्या पानपट्टीवर जाऊन उभा राहिलो, कारण साडू त्याला कॅमेरा जमिनीवर ठेवायला सांगून, तो खाटेखाली दडवला तर मायला दिसेल का, हे पाहत होते.

असं करता करता वर्ष उलटलं, आणि त्या थंडीत माय आजारी पडली. छातीत कफ दाटला, श्वास पुरेना. हिंगोलीला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून जे सांगितलं, त्यात धीराचं फारसं काही नव्हतं. साडू तिच्या पायथ्याशी बसून होते. तिच्या नाकाला नळी, डोळे मिटलेले. ते त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत म्हणाले, "पाहुणे, मी कॅमेरे पाहत बसलो, मायकडं पाह्यचंच राहिलं." साडूंना स्वतःचीच खोड काढताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण म्हातारी चिवट. आठवड्याने उठून बसली आणि दवाखान्यातली भाजी अळणी आहे म्हणून नर्सबाईंशी भांडली. ते भांडण ऐकलं मात्र, साडू पायात चपला न घालता दुकान गाठायला निघाले. मी मागे धावलो. दुकानदाराने सवयीने चहा सांगितला, तर हे म्हणाले, "चहा नको. जो हाताला लागंल तो दे." दुकानदाराच्या हाताला नेमका लागला तो चंदेरी, खट् वाजणारा आणि वर कासवाची मान काढणारा. साडूंनी तो उघडूनही पाहिला नाही. त्या नामांकित खिशात तो मावलाही नाही, पिशवीत घालून आणावा लागला.

मायला घरी आणल्यावर ती अंगणात उन्हाला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शेळीने शेंगांत तोंड घातलं, मायने तिला शिवी दिली आणि आपल्याच शिवीला खदखदून हसली. साडूंनी बटण दाबलं. मान बाहेर आली, खट् वाजलं, वर भर उन्हात फ्लॅशही पडला. त्या माणसाच्या वर्षभराच्या अभ्यासाची अशी वाट लागली. मायने शेंगा भिरकावल्या. "मुडद्या, मी मेले का रे?" साडू तिच्याजवळ बसले आणि मागची काच तिच्यापुढे धरली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तिने ती पार नाकाशी नेली. बराच वेळ पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "अरे, ही तर माझी माय! ती अशीच हसायची." तिच्या आईचा फोटो जगात कुठेच नव्हता. साडू मान फिरवून शेळीला हाकलू लागले, शेळी कधीच निघून गेली होती. थोड्या वेळाने मायने पदर सावरला आणि हुकूम सोडला, "अजून एक काढ. पण शिवी न देता."

त्यानंतर ती चांगली काही वर्षं जगली आणि साडूंनी तिचे किती फोटो काढले, ते त्यांनाही सांगता येणार नाही. भाकरी थापताना, विहाराच्या पायरीवर, नातसुनेला रागावताना, शेळीला मांडीवर घेऊन. मग एके दिवशी ती झोपेतच गेली. तिच्यासाठी विहारात ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धमूर्तीशेजारी टेबलावर तिचा फोटो ठेवायचा होता, आणि मला धास्ती वाटली, कारण त्यातला एक निवडायचं काम साडूंकडे होतं. व्हायचं तेच झालं. त्यांना एक ठरवता आला नाही. त्यांनी जमतील तेवढे सगळे मोठे करून आणले आणि टेबलावर, खाली पायरीवर, खिडकीत, जागा मिळेल तिथे मांडले. लोक गंभीर चेहऱ्याने, हातात फूल घेऊन यायचे आणि कोणत्या फोटोपुढे ठेवावं ते न कळून एकेक पाहत राहायचे. पाहता पाहता कुणाला तिची शिवी आठवायची, कुणाला तिच्या हातचं पिठलं, आणि पदराने डोळे पुसणाऱ्या बायका मध्येच हसू लागायच्या. भंतेजीसुद्धा शेळीच्या फोटोपाशी क्षणभर थांबले. मी फूल घेऊन उभा होतो तेव्हा साडू शेजारी आले आणि हळूच म्हणाले, "पाहुणे, भिंतीवर लावायला ह्यातली कोणती माय घ्यावी? तुमी सांगा." मी इकडून तिकडे पाहत गेलो, पुन्हा तिकडून इकडे आलो, आणि फूल हातातच राहिलं.